हत्तींना पोळ्याची सुट्टी

आमच्या घरात हत्ती माझे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते बाकीच्या तिघांच्या मते खेळातलं होतं आणि माझ्या मते नव्हतं.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. "वहिनी दिवसभर लोकांचं रक्त काढतात आणि संध्याकाळी हत्ती पाळतात," असं माझा दीर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कॉम्प्युटरवर जुन्या काळच्या लढायांचा एक खेळ आहे. आधी गाव वसवायचं, शेतं पेरायची, झाडं तोडायची, खाणीतून सोनं काढायचं, आणि मग त्या जोरावर फौज उभी करून दुसऱ्याच्या गावावर चालून जायचं. फौजेत घोडेस्वार, तिरंदाज, भालेवाले असतात आणि काही राज्यांकडे लढाईचे हत्ती. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं असले खेळ खेळावेत का, असा प्रश्न माझ्या आईला पडतो. तू ज्या मालिका बघतेस त्यात तरी दुसरं काय चाललेलं असतं, असं मी तिला विचारते. मग ती टीव्हीचा आवाज वाढवते.

सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. सिडकोतल्या आमच्या घरात आम्ही चौघंच: मी, नवरा, दीर आणि जाऊ. एकच स्वयंपाकघर. नवऱ्याची वाळूजची कंपनी बंद, दिराचं काम कॉम्प्युटरवर, जाऊ एका सीएच्या ऑफिसात, तीही घरूनच. बाहेर पडणारी एकटी मी. लॅब बंद ठेवून चालणार नव्हतं. संध्याकाळी घरी आले की बाहेरच्या नळावर अंघोळ करायची आणि थेट गच्चीवरच्या खोलीत जायचं, कुणाला शिवायचं नाही. जाऊ जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवायची, दार वाजवायची आणि खाली पळायची. मी दार उघडायचे तेव्हा तिच्या ओढणीचा काठ तेवढा वळणावर दिसायचा.

जावा-जावा, उभा दावा अशी म्हण आहे. आमच्या बाबतीत ती खोटी ठरली, असं मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आले. जाऊ शहरातली, औरंगपुऱ्यातली. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. मी लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची. लग्न होऊन ती आली तेव्हा माझ्या 'लई'ला हसली होती, आणि वर्षभरात स्वतःच 'लई' म्हणायला लागली. तिच्या आईला ते आवडायचं नाही. मला फार आवडायचं.

गच्चीवरच्या खोलीत माझा जीव कोंडला होता. दिवसभर लोकांची भेदरलेली तोंडं बघायची आणि रात्री भिंती. एका संध्याकाळी ताटाबरोबर जुना लॅपटॉप वर आला आणि पाठोपाठ तिचा फोन.

"ताई, त्यात एक गेम टाकलाय. खाली आम्ही तिघं, वर तुम्ही. वायफाय एकच आहे, सगळे एकत्र बसल्यासारखं होईल."

"मला नाय येत असलं काही."

"मलाही नाही येत. आपण दोघी एका बाजूला. ते दोघं भाऊ दुसऱ्या बाजूला. हरलो तर हरलो."

हरलो तर कसे! पहिले कित्येक दिवस माझं गाव जळायचं आणि खालच्या मजल्यावरून दिराचं हसणं जिन्यातून वर यायचं. पण मला त्या हसण्याची सुद्धा सोबत वाटायची. पुढं मी खोलीतून खाली आले, लॉकडाऊन उठला, सगळे आपापल्या कामाला लागले, तरी रविवारची दुपार खेळाची ठरून गेली. जेवणाच्या टेबलावर चार लॅपटॉप, मध्ये शेंगदाण्यांचं ताट. मी हळदीच्या रंगाची, जाऊ हिरवी, नवरा तांबडा, दीर निळा.

हत्ती मी निवडले ते कुणी घेत नव्हतं म्हणून. हत्ती खातो भरपूर, तयार व्हायला वेळ लागतो आणि चालतो इतका सावकाश की तो शत्रूच्या दारात पोचेपर्यंत समोरच्याचं जेवण उरकतं. दीर त्यांना पांढरे हत्ती म्हणायचा. पण मला सावकाश जनावराची सवय होती. माझ्या वडिलांची बैलजोडी होती. तिच्यामागून चालायचं म्हणजे तिच्याच चालीनं चालायचं, घाई करणाऱ्याचं तिथं काम नाही. मी हत्तींना घाई केली नाही. त्यांना एकत्र ठेवलं, पाण्याजवळ ठेवलं, जखमी झाला तर मागं आणून बरा केला. एकदा का तो कळप शत्रूच्या भिंतीला भिडला की मग दिराच्या तोंडचं हसू बघण्यासारखं असायचं.

एक मात्र होतं. हत्तीला भाल्याची भीती असते ती असतेच, पण खरी भीती बुवांची. त्या खेळात मठातून साधू निघतात. आम्ही त्यांना बुवा म्हणायचो. बुवा लांब उभा राहतो, हात वर करतो, काहीतरी पुटपुटतो, आणि बघता बघता तुमचा हत्ती शहारतो, रंग बदलतो आणि तोंड फिरवून तुमच्याच माणसांवर चालून येतो. फितवतो तो त्याला. मेलेला हत्ती मला सोसायचा. फितलेला सोसायचा नाही. ज्याला मी पाण्यावर नेलं, ज्याची जखम बरी केली, तो तांबडा होऊन माझीच शेतं तुडवताना बघितला की मी पडद्यावर हात आडवा धरायचे. नवरा म्हणायचा, अगं, ते चित्र आहे. मला माहीत होतं ते चित्र आहे.

बुवांना रोखायचं काम जाऊचं. ती घोडेस्वार ठेवायची, चपळ. माझे हत्ती पुढं सरकायला लागले की तिचे हिरवे घोडे दोन्ही अंगांनी धावायचे आणि बुवांनी हात वर करायच्या आत त्यांना गाठायचे. माझं लक्ष हत्तींवर, तिचं माझ्या हत्तींच्या आसपासच्या रानावर. मला मागं वळून बघावं लागायचं नाही. "ताई, चला तुम्ही, मी आहे," एवढंच ती म्हणायची. आमची वेस तिच्यासाठी आपोआप उघडायची, कारण त्या खेळात दोस्ताचं माणूस आलं की दरवाजा विचारत नाही. शत्रू आला की बंद, दोस्त आला की उघडा. आम्ही हरायचं जवळजवळ सोडूनच दिलं.

पहिल्यांदा दणदणीत जिंकलो त्या आनंदात चौघं दौलताबादला गेलो होतो. महादरवाजाच्या लाकडात हातभर लांब लोखंडी खिळे ठोकलेले आहेत. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. जाऊनं त्यातल्या एका टोकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ताई, हे तुमच्यासाठी आहेत हं." मी तिच्या पाठीत धपाटा घातला. तिथला गाइड आपलं ठरलेलं बोलत होता, "मॅडम, ये किल्ला लड के किसीने नै लिया. अंदर का आदमी फूट्या, तब गया." प्रत्येक किल्ल्यावर प्रत्येक गाइड हेच सांगतो. आम्ही हसत हसत अंधारी म्हणतात त्या काळोख्या भुयारातून वर गेलो आणि वटवाघळांच्या वासानं दिराला ओकारी आली.

आता पोळ्याचं सांगते.

माझ्या माहेरी पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्या दिवशी त्याला काठी नाही, शिवी नाही, काम नाही. आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले ते खांदे हळद-तुपानं चोळायचे आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वडील हे लाजत नसत म्हणायला. आईला कधी 'जेवलीस का' विचारलं नसेल त्यांनी, पण बैलाला आवतण द्यायचे. पुढं ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. गोठ्यात आता मोटारसायकल उभी असते. पोळ्याला वडील बाजारातून मातीची बैलजोडी आणून पुजतात आणि दिवसभर कुणाशी धड बोलत नाहीत.

खेळ सुरू झाला त्या वर्षीच पोळा आणि आमचा डाव एकाच दिवशी आला. मी सकाळी पुरण घातलं, मातीचे बैल पुजले, दुपारी टेबलावर बसले आणि हत्तींना उचलायला माझा हात होईना. मी म्हटलं, "आज माझे हत्ती काम करणार नाईत."

दीर हसून हसून टेबलावर आडवा झाला. नवरा म्हणाला, "अगं, हत्तीला कुठला पोळा?"

"माझ्या शेतात राबतो त्याला पोळा."

"पण ते लढतात. राबत नाहीत."

"लढणं म्हंजी राबणंच की. हौसेनं लढतेत का ते?"

तेव्हा जाऊ माझ्या बाजूनं उभी राहिली. टेबलावर हात आपटून म्हणाली, "ताईंच्या हत्तींना आज सुट्टी. जो त्यांच्यावर हात टाकेल त्याच्या ताटात आज पुरणपोळी नाही." पुरणपोळीपुढं दोन्ही भाऊ नमले. तेव्हापासून नियमच झाला. पोळ्याला माझे हत्ती पाण्यावर उभे राहणार, त्यांना मी जुंपणार नाही आणि त्यांच्यावर कुणी चालून यायचं नाही. बाकी लढाई काय ती घोड्यांनी, माणसांनी करावी. त्या खेळात एक हुकूम असतो, काहीही झालं तरी हात उचलू नका, असा. पोळ्याच्या दिवशी मी तो हत्तींना देऊन ठेवायचे, म्हणजे चुकून कुणी जवळून गेलं तरी त्यांनी सोंड उगारू नये. आदल्या दिवशी लॅपटॉप उघडून, आसपास कुणी नाही असं बघून, त्यांना आवतणही द्यायचे. जाऊनं एकदा ऐकलं. हसली नाही. दुसऱ्या दिवशी पूजेला बसले तर पाटावर मातीच्या बैलांशेजारी तिनं केलेला मातीचा हत्ती होता. सोंड आखूड झाली होती, डुकरासारखा दिसत होता. मी त्यालाही हळदीकुंकू वाहिलं.

हे सगळं तिला ठाऊक होतं. तिच्याइतकं कुणालाच नाही. म्हणून सांगते आहे.

गेल्याच्या गेल्या वर्षीचा पोळा. कित्येक रविवार चाललेला एक मोठा डाव आम्ही जपून ठेवला होता. दोन्ही भावांची राज्यं कोपऱ्यात रेटली होती आणि माझ्याकडे कधी नव्हता एवढा कळप जमला होता. हत्ती गेला, शेपूट राहिलं अशातला प्रकार. मी म्हटलं, आज पोळा आहे, पुढच्या रविवारी संपवू. जाऊ म्हणाली, "नाही ताई, आज बसू या ना. तुमचे हत्ती राहू देत उभे. मी आहे की."

जेवणं झाली. दारावर आंब्याचं तोरण, घरात पुरणाचा वास. ती माझ्या शेजारी बसली, नेहमीसारखी, कोपराला कोपर लागेल अशी. एवढंच लक्षात आलं की तिनं आपला लॅपटॉप जरा पलीकडे वळवला होता. मला वाटलं, खिडकीचा उजेड पडत असेल.

माझी वेस उघडली. हिरवी माणसं आत येताना दिसली. दोस्ताची माणसं, त्यात बघायचं काय? मी शेतातली कामं लावत होते. मग नजर गेली तर ते घोडेस्वार नव्हते. बुवा होते. हिरवे बुवा. तिच्याकडे बुवा आहेत हेच मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "काय गं, पूजेला आणले काय?" पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक ओळ आली. हिरव्यानं पिवळ्याशी असलेली दोस्ती मोडली आहे.

मला वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं. खरंच सांगते, मला तिचीच काळजी वाटली. "अगं, तुझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं बघ," असं मी म्हणाले.

बुवांनी हात वर केले.

माझे हत्ती पाण्याच्या कडेला उभे होते, तोंडं एकाच दिशेला. हलू नका म्हणून मीच सांगितलेलं. ते हलले नाहीत. पहिला शहारला आणि हिरवा झाला. मग त्याच्या शेजारचा. माझ्या हातात उंदीर होता, कॉम्प्युटरचा, माउस म्हणतात तो. एक टिचकी मारली असती तर उरलेले सगळे वळले असते आणि त्या बुवांचा भुगा झाला असता. दीर ओरडत होता, "वहिनी, हलवा! हलवा की! खेळ आहे!" तो शत्रू असून ओरडत होता. नवरा शेंगदाणे सोलत होता. मी हात उंदरावरून काढला आणि मांडीवर ठेवला. पोळ्याला नाही म्हणजे नाही. माझ्याच्यानं झालं नाही आणि मला करायचंही नव्हतं.

शेवटचा हत्ती हिरवा झाला. त्यानंतर तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. तिनं त्यांना जुंपलं. पोळ्याच्या दिवशी. आपल्या रंगाचा तो कळप तिनं पाण्यावरून उठवला आणि माझ्याच कोठारांवर घातला. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते मी त्या दुपारी डोळ्यांनी बघितलं. सगळं पडेपर्यंत मी बघत बसले. तिचं कोपर अजून माझ्या कोपराला लागलेलं होतं.

"गंमत हो ताई," ती म्हणाली. आवाज बारीक आला होता. "अशा काय बघता? गंमत केली."

"पोळा होता," मी म्हणाले.

वातावरण हलकं करायला गेला आमचा दीर. त्याला ते कधीच जमलेलं नाही. म्हणाला, "घ्या, आता पुण्याला गेल्यावर हिला कोण वहिनींसारखी पार्टनर मिळणार!" आणि जीभ चावली.

मी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती आपल्या बोटातली अंगठी फिरवत होती. मग मी नवऱ्याकडे बघितलं. तो शेंगदाण्यांच्या ताटातली सालं एका बाजूला सारत होता, फार मन लावून. तेव्हा कळलं की त्यालाही माहीत आहे. दिराला पुण्याला नोकरी लागली होती, घर बघून झालं होतं, दसऱ्याला जायचं ठरलं होतं. एकाच स्वयंपाकघरात मी रोज चौघांच्या पोळ्या लाटत होते आणि तिघांना ठाऊक होतं की लवकरच दोघांच्याच लाटायच्या आहेत.

"कवापासून माहितीये तुमाला?" मी नवऱ्याला विचारलं.

"पोळा होऊन जाऊ दे म्हटलं. सणाचं तुझं मन..."

"माझ्या मनाचं नका सांगू तुमी मला."

मी उठले आणि भांडी घासायला गेले. बाई येणार होती तरी गेले. जाऊ मागून आली. ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "मी सांगणार होते, ताई. रोज ठरवायचे. तुम्ही रडाल असं वाटायचं. तुम्ही रडला असता तर माझं पाऊल निघालं नसतं. म्हटलं, तुम्ही चिडावं. माझ्यावर तुटून पडावं. मग मला जाता येईल."

मी कढई घासत राहिले.

"मला वाटलं तुम्ही हत्ती हलवाल," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही माझे सगळे बुवा तुडवाल आणि मला चार शिव्या द्याल. तुम्ही हलवलेच नाहीत. मग मला थांबताच येईना."

"म्हंजी चूक माझीच व्हय?"

"नाही हो..."

"मला सांगायचं हुतं तर तोंड नव्हतं का तुला? गच्चीवर हुते तवा रोज फोन करायचीस. आता एका घरात राहून तुला बुवा धाडावे लागले?"

ती रडायला लागली. मी रडले नाही. मला तिचा राग आला होता, आणि तो राग पुण्याचा नव्हता. माणसं जातात. नोकऱ्या जिकडं, माणसं तिकडं, हे मला कळतं. मला राग याचा आला की तिनं मला दुखवायला नेमकी ती जागा निवडली जिथं मी हात उचलणार नाही हे तिलाच माहीत होतं. परक्याला ती जागा सापडली नसती. केसानं गळा कापणं याचा अर्थ मला शाळेत पाठ होता. कळला त्या दिवशी.

दसऱ्याच्या आधी टेम्पो आला. जाणाऱ्या सुनेची ओटी भरायची असते. ती भरल्याशिवाय घराबाहेर पाठवायची पद्धत आमच्यात नाही, मग मन काहीही म्हणो. मी खण काढला, तांदूळ घेतले, नारळ घेतला. तिनं पदर पसरला. मी तिच्याकडे न बघता तांदूळ घातले, त्यातले बरेचसे खाली सांडले. ती वाकली आणि माझ्या पायाला तिचा हात लागला तेव्हा मी "सुखी राहा" म्हणाले, कारण ते म्हणायचंच असतं. नवऱ्यानं मागून मला कोपरखळी मारली, काहीतरी जास्तीचं बोल म्हणून. त्याच्याशी तर माझं दिवाळीपर्यंत धड नव्हतं.

रविवारची दुपार मोकळी झाली. तो डाव मी पुसला नव्हता. एकदोनदा उघडून बघितला. हिरवे हत्ती माझ्या पडलेल्या कोठारांमध्ये उभे होते. त्यांच्यावर टिचकी मारली तर ते ओळख देत नव्हते, दुसऱ्याच्या हत्तींनी द्यावी तरी का? मी लॅपटॉप मिटला आणि कपाटात सगळ्यात वर, गाद्यांच्या मागं ठेवला. सणाला, लग्नकार्याला ती भेटायची. मी वाढायचे, विचारायचे, हसायचेही. लोकांना काही कळलं नसेल. तिला कळायचं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी लॅबमधून घरी आले, तर फोनवर तिचा निरोप होता. पुढं मागं काही नाही. एवढंच लिहिलं होतं: 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' आणि खाली त्या खेळाचं बोलावणं.

मला हसू आलं आणि लगेच संतापही आला. मी काय बैल आहे का? तुझं जू ओढलं म्हणून वर्षातून एक दिवस माझे खांदे चोळणार? फोन पालथा ठेवला. भाजी निवडली. नवरा दारात उभा राहून बघत होता, पण शहाणा झाला होता, आल्या पावली परत गेला. मग मी गाद्या बाजूला करून लॅपटॉप काढला. का काढला, ते विचारू नका. पोळा होता आणि माझ्याकडे एकही जनावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसलो. दोघं इथं, दोघं तिथं. ती माझ्या बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला, जुन्यासारखंच. मी म्हटलं ठीक आहे. नवं गाव वसवलं, शेतं पेरली, सावकाश हत्ती उभे केले. पाण्यावर नेले, हलू नका म्हणून सांगितलं. मग मी एक गोष्ट केली जी आधी कधी केली नव्हती. वेशीला कुलूप घातलं. त्या खेळात तसा हुकूम आहे. कुलूप घातलं की दोस्तासाठीही दरवाजा उघडत नाही.

थोड्या वेळानं तिचे हिरवे घोडेस्वार आले. या वेळी खरोखरचे घोडेस्वार. वेशीपर्यंत आले, दरवाजा उघडला नाही, तिथंच थांबले. फोनवर ती होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता विचारेल, ताई, कुलूप का. तिनं विचारलं नाही. तिनं घोड्यांची तोंडं फिरवली. माझ्या भिंतीकडे पाठ, रानाकडे तोंड. आणि तसेच उभे केले.

दिराला जिंकायची घाई असतेच, पोळ्याचा नियम त्याच्या डोक्यातून गेला असावा किंवा मोडलेला नियम कशाला पाळायचा असं त्यानं धरलं असावं. त्याचे निळे बुवा झाडीतून निघाले. तिनं त्यांना गाठलं. पुन्हा निघाले, पुन्हा गाठलं. दोघा भावांचे भालेवाले आले तेव्हा तिचे घोडे एकेक करून पडले, वेशीच्या बाहेर, माझ्या दरवाज्याला लागून. आत आले असते तर वाचले असते. ती मागून नवे पाठवत राहिली आणि ते त्याच जागी येऊन, रानाकडे तोंड करून उभे राहात होते. "ताई, तुमचे हत्ती बरे आहेत ना?" एवढंच तिनं एकदा विचारलं. "हायेत," मी म्हणाले.

माझा हात उंदरावर होता. कुलूप काढायला एक टिचकी पुरे होती. माझे हत्ती पाण्यावर हळदीच्या रंगाचे उभे होते, एकाचाही रंग बदलला नव्हता. नवरा हळूच म्हणाला, "उघड की गं." दिवस मावळेपर्यंत खेळलो. ती शेवटपर्यंत बाहेरच होती. मी दार उघडलं नाही.